माज आणि पान्हा : हुकूम कोठून सुटतो?

लेखक : ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या कार्यक्षेत्रात वाढ्याला तोटा राहत नाही. टोळ्या फडात उतरल्या की दावणीपुढे मोळ्या येऊन पडतात आणि हंगाम संपेपर्यंत बहुतेक गोठ्यांत सकाळ-संध्याकाळ वाढेच वाढे. याच काळात आमच्या गट ऑफिसात ऊसनोंदीच्या बरोबरीने दुसरीही एक तक्रार हमखास येते. "साहेब, गाय व्याली, दूधही चांगलं दिलं, पण चार महिने झाले, माजावरच येईना." दुसरे म्हणतात, "माझी तीनदा भरवली, तिन्ही वेळा उलटली." तिसऱ्याची म्हैस पान्हा चोरते.

मी उसाचा माणूस, जनावरांचा डॉक्टर नव्हे. पण ज्याच्या शेतात ऊस त्याच्याच गोठ्यात गाय, तेव्हा हे दोन विषय वेगळे ठेवता येत नाहीत. उसाचे बिल हप्त्याहप्त्याने येते; घरचा मीठ-मिरचीचा आणि पोरांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च दुधाच्या बिलावर चालतो. गाय रिकामी राहिली की तो झरा आटतो. आणि मग माणूस घाबरून कोणी सांगेल ते इंजेक्शन टोचून घेतो. त्यात कधी पैसा जातो, कधी गाभच जातो. म्हणून माज आणि पान्हा यांचा हुकूम मुळात सुटतो कोठून, हे एकदा नीट समजून घेऊ.

काही ग्रॅमची ग्रंथी

गाईच्या मेंदूच्या बुडाशी, हाडाच्या एका खोबणीत, जेमतेम काही ग्रॅम वजनाची एक ग्रंथी असते. तिला पीयूषिका ग्रंथी म्हणतात. डॉक्टर लोक पिट्युटरी म्हणतात. चारशे किलोच्या जनावराची वाढ, दूध, माज, विणे या सगळ्यांवर या एवढ्याशा ग्रंथीची हुकमत चालते. ती जे रस थेट रक्तात सोडते त्यांना संप्रेरके किंवा हार्मोन म्हणतात.

ग्रंथीचे दोन भाग आहेत. पुढचा भाग स्वतः संप्रेरके तयार करतो. त्यात बीजांडकोषावर बीज वाढविणारे एफएसएच, बीज पिकवून फोडणारे एलएच, दुधाशी संबंधित प्रोलॅक्टिन, वाढीचे संप्रेरक अशी सहा प्रमुख आहेत. मागचा भाग म्हणजे गोदाम. मेंदूत तयार झालेले ऑक्सिटोसिन तेथे साठते व गरज लागली की सुटते. पान्हा सुटतो तो या ऑक्सिटोसिनमुळे.

पूर्वी पीयूषिकेला सर्व ग्रंथींची मालकीण समजत. पुढे कळले की ही मालकीणसुद्धा वरचा हुकूम पाळते. तिच्या लगेच वर मेंदूचा हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे. तेथून बारीक रक्तवाहिन्यांतून निरोप खाली येतात व त्याप्रमाणे पुढचा भाग काम करतो. अमेरिकेत रॉजर गिलेमिन आणि अँड्र्यू शॅली या दोघा शास्त्रज्ञांनी लाखो मेंढ्यांच्या व डुकरांच्या मेंदूंतील हा भाग गोळा करून त्यातून हे निरोप्ये वेगळे काढले. माजाचा निरोप्या म्हणजे जीएनआरएच. त्याची रचना १९७१ साली उलगडली आणि १९७७ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज डॉक्टर गाईला जीएनआरएचचे इंजेक्शन देतात ते याच शोधाचे फळ आहे.

आता हा कारभार आपल्या भाषेत मांडतो. शेतकी खाते तोडचिठ्ठ्या काढते. चिठ्ठी मिळाली की टोळी तोड करते आणि ऊस यार्डात येतो. यार्डात गाड्या तुंबल्या की चिठ्ठ्या थांबतात. गव्हाण रिकामी पडू लागली की जादा सुटतात. म्हणजे चिठ्ठी काढणाराही यार्डाकडे बघूनच चिठ्ठी काढतो. गाईच्या शरीरात हायपोथॅलॅमस चिठ्ठी काढतो, पीयूषिका तोड लावते, बीजांडकोष माल देतो. आणि बीजांडकोषाकडून किती माल आला याची खबर रक्तातून उलट वर जाते. ही उलट खबर ध्यानात ठेवली की पुढचे सगळे सोपे आहे.

एकवीस दिवसांचा हिशेब

गाय सरासरी २१ दिवसांनी, म्हणजे १८ ते २४ दिवसांत, माजावर येते. माज उतरल्यावर बीज फुटते आणि त्या जागी बीजांडकोषावर एक पिवळी गाठ तयार होते. ती प्रोजेस्टेरॉन सोडते. ही वर जाणारी खबर असते, "अजून थांबा." मग वरच्या चिठ्ठ्या मंदावतात. एलएचचे ठोके तीन-चार तासांनी एखादा असे पडतात. बीजे या काळातही वाढतात, पण पुरता हुकूम न मिळाल्याने मधेच सुकून जातात.

साधारण सोळाव्या-सतराव्या दिवशी गर्भाशय वाट पाहून थकते. आत गर्भ असेल तर तो स्वतःच एक रस सोडून "मी आहे" असे कळवतो. तसे काही कळले नाही तर गर्भाशय प्रोस्टाग्लँडिन सोडते आणि पिवळी गाठ विरते. प्रोजेस्टेरॉन उतरते, एलएचचे ठोके तासाला एक असे वाढतात, बीज झपाट्याने मोठे होते व त्यातून इस्ट्रोजेन सुटते. याच इस्ट्रोजेनने गाय हंबरते, दुसऱ्यांवर चढते, स्वच्छ काचेसारखा सोट टाकते. आणि हेच इस्ट्रोजेन वर जाऊन पीयूषिकेला एकदम एलएचचा लोंढा सोडायला लावते. त्या लोंढ्यानंतर साधारण २४ ते ३० तासांनी बीज फुटते.

भरवण्याची वेळ यावरूनच ठरते. माज १२ ते १८ तास टिकतो आणि बीज माज संपल्यानंतर दहा-बारा तासांनी फुटते. म्हणून सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवावी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. माज दिसताक्षणी डॉक्टरांना फोन लावून लगेच भरवून मोकळे होणे, किंवा "आज वेळ नाही, उद्या दुपारी बघू" म्हणणे, दोन्ही चूकच. कित्येक "उलटणाऱ्या" गाई या वेळेच्या घोळामुळेच उलटतात.

देशी गाईचा माज संकरित गाईपेक्षा तोकडा असतो, आणि म्हशीचा तर बहुधा मुकाच असतो. तो रात्री येतो आणि पहाटे उतरूनही जातो. म्हणून माज पाहायचा तो पहाटे आणि रात्री निजण्यापूर्वी, अर्धा-अर्धा तास, हातातले दुसरे काम बाजूला ठेवून. बहुतेक घरांत तो पहिल्यांदा दिसतो तो शेण काढणाऱ्या माउलीला. तिचे ऐकावे, आणि ती सांगेल ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी. चुकलेला एक माज म्हणजे २१ दिवस गेले. आपल्या गाईचा एका दिवसाचा चारा-आंबोणाचा खर्च ज्याचा त्याला माहीत आहे. त्याला २१ ने गुणून पाहावे.

चिठ्ठी का थांबते?

आता मुख्य प्रश्न. गाय व्याली, दोन-तीन महिने झाले, माजाचे नाव नाही. बीजांडकोष बिघडला असेल असे आपल्याला वाटते. पुष्कळदा बीजांडकोष धड असतो. वरून चिठ्ठीच येत नसते.

पहिले कारण पोटाचे. विल्यानंतर दूध सहा ते आठ आठवड्यांत शिगेला पोचते, पण गाईचे खाणे पुरते वाढायला त्याहून महिनाभर जास्त लागतो. मधल्या काळात ती आपल्या अंगावरची चरबी व मांस मोडून दूध देते. माकडहाड वर येते, बरगड्या मोजता येतात. शरीर अशा तुटीत असताना रक्तातील साखर आणि इन्सुलिन उतरते, वाढीचे संप्रेरक पीयूषिकेतून भरपूर सुटत असूनही यकृत त्याला जुमानत नाही, आणि ही सगळी खबर मेंदूला पोचते. मेंदू हिशेबी आहे. घरात दाणा नसताना नवा पाहुणा कशाला बोलवा, असा तो विचार करतो म्हणा ना! एलएचचे ठोके मंद होतात, बीज वाढते आणि न फुटताच सुकते.

हे ठोके किती महत्त्वाचे आहेत हे १९७८ साली अमेरिकेत अर्न्स्ट नोबिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांवर प्रयोग करून दाखविले. जीएनआरएच तासातासाला थोडे थोडे दिले तर पीयूषिका चांगली चालते. तेच सतत धारेने दिले तर ती बंद पडते. ऊसकऱ्याला हे सांगायला नको. पाळीने दिलेल्या पाण्यावर ऊस पोसतो. तेच पाणी रात्रंदिवस फडात सोडून ठेवले तर मुळ्या गुदमरतात.

दुसरे कारण वासराचे. वासरू दिवसभर आईला लुचत राहिले की तो निरोपही मेंदूला जातो आणि माजाचे ठोके दबतात. म्हणून वासराला ठराविक वेळीच सोडावे. तिसरे कारण उन्हाचे. कडक उन्हाळ्यात, विशेषतः म्हशीत, माज दबतो किंवा दिसत नाही. पावसाळा सरता सरता म्हशी पुन्हा माजावर येऊ लागतात. सावली, अंगावर पाणी आणि पोटभर थंड पाणी हा त्यावरचा उपाय आहे.

वाढ्याचा दोष किती?

येथे माझ्या खात्याचा विषय येतो. वाढे हा वाईट चारा नव्हे. हंगामात तो हिरवा असतो, दारात येतो, पोट भरतो. पण पोट भरणे वेगळे आणि पोसणे वेगळे. वाळल्या वजनावर वाढ्यात प्रथिने साधारण ५ ते ६ टक्केच असतात. दुभत्या गाईच्या एकूण आहारात ती १२ ते १४ टक्के लागतात. फॉस्फरस कमी. शिवाय वाढ्यात ऑक्झलेट असते, ते चाऱ्यातल्या कॅल्शियमला धरून ठेवते आणि ते अंगी लागू देत नाही. म्हणजे ज्या तीन महिन्यांत गाईला सगळ्यांत जास्त द्यायला पाहिजे, त्याच तीन महिन्यांत तिच्यापुढे भारा मोठा आणि सत्त्व थोडे असे होते. मेंदूला कळते ते सत्त्व, भारा नव्हे.

आमच्या गटातल्या एका सभासदांची संकरित गाय पौषात व्याली. दूध बारा लिटर. पुढ्यात वाढे आणि दोन वेळा ओंजळभर सरकी पेंड. चार महिने माज नाही. दोन वेळा "माजाचे इंजेक्शन" झाले, उपयोग नाही. मग पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी हात घालून तपासले आणि सांगितले, "कोष लहान आहेत, गाठही नाही. हिला औषध नको, आंबोण पाहिजे." वाढे निम्मे केले, लसूणघास आणि कडबा कुट्टी चालू केली, दुधाच्या मानाने आंबोण आणि रोज खनिज मिश्रण. सात आठवड्यांनी गाय आपण होऊन माजावर आली. प्रत्येक गाय अशीच येईल असे मी म्हणणार नाही, पण तपासणी आधी आणि सुई नंतर हा क्रम त्यातून शिकण्यासारखा आहे.

पान्हा : गोदामाची किल्ली

आता मागच्या भागाकडे वळू. दुधाचा मोठा हिस्सा कासेच्या वरच्या बारीक पिशव्यांत असतो. सडालगतच्या पोकळीत गाईचे साधारण पाचवा हिस्साच उतरलेले असते, म्हशीचे त्याहून कमी. वरचे दूध नुसते ओढून येत नाही. कास धुतली, चोळली, वासराने धडक दिली की सडाच्या शिरांतून मेंदूला निरोप जातो, पीयूषिकेच्या मागच्या भागातून ऑक्सिटोसिन सुटते, रक्तातून कासेत पोचते, पिशव्या आवळल्या जातात आणि दूध खाली येते. याला मिनिट-दीड मिनिट लागते, म्हशीला थोडे जास्त. ऑक्सिटोसिन रक्तात काही मिनिटेच टिकते, म्हणून पान्हा सुटल्यावर पाच-सात मिनिटांत धार संपवावी. अर्ध्यात उठून गप्पा मारीत बसल्यास उरलेले दूध वरच राहते.

भीतीने पान्हा का अडतो, हेही शास्त्राने पाहिले आहे. १९४१ साली अमेरिकेत एली आणि पीटरसन यांनी गाईच्या पाठीवर मांजर ठेवले आणि दर दहा सेकंदांनी कागदी पिशव्या फोडून तिला घाबरवले, दूध अडले. पुढे मांजराची गरज नाही, पिशव्याच पुरेशा आहेत असे त्यांना आढळले! घाबरलेल्या जनावराच्या रक्तात ॲड्रिनलिन उतरते व ते ऑक्सिटोसिनचे काम हाणून पाडते. तेव्हा धारेच्या वेळी गाईवर ओरडणे, दांडक्याने मारणे, रोज माणूस बदलणे म्हणजे आपल्याच हाताने गोदामाला कुलूप घालणे होय.

काही मंडळी या कुलपाला बनावट किल्ली लावतात. रोज धारेआधी ऑक्सिटोसिनची सुई. वासरू दगावलेल्या म्हशीला तर सर्रास. प्रसूतीच्या अडचणीत डॉक्टरांच्या हातात हे मोलाचे औषध आहे. विन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी ते प्रयोगशाळेत बनविले आणि त्यांना १९५५ चे नोबेल मिळाले. पण रोज बाहेरून मिळू लागले की जनावराला त्याचीच सवय लागते आणि सुईवाचून पान्हा येईनासा होतो. दुसरा धोका कमी लोकांना ठाऊक आहे. १९५९ साली आर्मस्ट्राँग आणि हॅन्सेल यांनी कालवडींना माजानंतरच्या पहिल्या आठवड्यात रोज ऑक्सिटोसिन दिले, तेव्हा पिवळी गाठ नीट वाढली नाही आणि कालवडी २१ ऐवजी आठ ते बारा दिवसांतच पुन्हा माजावर आल्या. म्हणजे भरवल्यानंतर रोज सुई टोचणारा स्वतःच माजाचे वेळापत्रक मोडून ठेवतो आणि मग "गाय उलटते" म्हणतो.

कायद्याचेही सांगतो. केंद्र सरकारने २०१८ साली या औषधाच्या खासगी उत्पादनावर बंदी घातली होती. त्याच वर्षी डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली. म्हणून कोणी "आता सगळं खुलं झालं" म्हणेल, तर ते खरे नाही. हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळावयाचे आहे, आणि दूध वाढविण्यासाठी जनावराच्या आरोग्याला घातक असे काही टोचणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ खाली गुन्हा आहे.

माजाचे इंजेक्शन : कोणते आणि केव्हा?

"माजाचे इंजेक्शन" असे एक औषध नाही. निदान दोन निराळी औषधे या एकाच नावाने चालतात. प्रोस्टाग्लँडिन पिवळी गाठ विरवते. गाठ असेल तरच त्याचा उपयोग. नसेल तर पैसे पाण्यात. आणि गाय गाभण असेल तर तीच गाठ गाभ सांभाळीत असते. ती विरली की गाभ पडतो. मुका माज येऊन, वळूच्या संगतीने गाय आधीच गाभण राहिलेली असते, मालकाला पत्ता नसतो, तपासणीशिवाय सुई बसते आणि दोन-तीन महिन्यांचा गाभ जातो. यासारखे दुःख नाही.

दुसरे औषध जीएनआरएच. ते वरची चिठ्ठी बाहेरून देते व पीयूषिकेकडून एलएचचा लोंढा सोडवते. ही दोन्ही औषधे मिळून १९९५ साली अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या शास्त्रज्ञांनी एक पद्धत बसविली : पहिल्या दिवशी जीएनआरएच, सात दिवसांनी प्रोस्टाग्लँडिन, त्यानंतर दोन दिवसांनी पुन्हा जीएनआरएच आणि १६ ते २० तासांनी माज न पाहता रेतन. पद्धत चांगली आहे, मुक्या माजाच्या जनावरांत उपयोगाची आहे. पण ती पोसलेल्या गाईत चालते. टोळीला तोडचिठ्ठी दिली आणि फडात ऊसच नसला, तर गाडी रिकामीच परत येणार.

सभासदांनी एवढे करावे

१. विल्याची तारीख, माजाची तारीख आणि भरवल्याची तारीख लिहून ठेवा. वर्षाला एक वासरू हवे असेल तर गाय विल्यापासून ८५ दिवसांच्या आसपास पुन्हा गाभण राहिली पाहिजे, कारण गाभणकाळ सुमारे २८० दिवसांचा आहे.

२. वाढे एकदम चालू करू नका, हळूहळू वाढवा. कुट्टी करून, द्विदल चाऱ्यात मिसळून द्या. निम्म्याहून जास्त वैरण वाढ्याची नको. बांधावर थोडा तरी लसूणघास ठेवा.

३. अंग पोसायला एक-दीड किलो आंबोण, आणि त्यावर गाईला दर अडीच लिटर दुधामागे व म्हशीला दर दोन लिटरमागे एक किलो. रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण आणि चिमूटभर नव्हे, चांगले ३० ग्रॅम मीठ.

४. पहाटे आणि रात्री माज पाहा. सकाळचा माज संध्याकाळी, संध्याकाळचा सकाळी भरवा.

५. विल्यावर ६० दिवसांत माज दिसला नाही, किंवा तीनदा भरवून उलटली, तर पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्या. तपासणीशिवाय सुई नको.

६. भरवल्यावर साठ-सत्तर दिवसांनी गाभण तपासणी करा. "माज दिसला नाही म्हणजे गाभण" असे धरून चालू नका.

७. धारेची वेळ, जागा आणि माणूस शक्यतो एकच ठेवा. कास कोमट पाण्याने धुवा, मुठीने धार काढा, आणि पान्ह्याच्या सुईला गोठ्यात जागा देऊ नका.

गाईला तोंड नाही, पण तिच्या मेंदूखालची ती एवढीशी ग्रंथी सगळे ऐकत असते. गव्हाणीत काय पडले, वासरू किती वेळ लुचले, ऊन किती लागले, कोणी दांडके उगारले. त्याप्रमाणेच तिचा हुकूम सुटतो. येत्या हंगामात वाढ्याची मोळी दावणीला टाकाल तेव्हा तिच्या शेजारी लसूणघासाची एक पेंढीही टाकावी, एवढीच विनंती.